विकतचं मेण

आमच्या मधात औषध सापडल्याचं मला सोमवारी सकाळी पावणेदहाला कळलं. ते कोणामुळे आलं हे कळायला पुढे एक मिनिटही लागलं नाही. माझ्यामुळे! मी तेव्हा मधाच्या खोलीत बरण्यांना लेबलं लावत होते. ‘उंच डोंगरावरच्या रानफुलांचा सेंद्रिय मध’, हिरव्या अक्षरांत. हातातलं लेबल बोटाला चिकटून बसलं आणि मी ते तसंच धरून खुळ्यासारखी उभी राहिले.

तपासणीवाल्यांचं पत्र दादाच्या हातात होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चाळीस वर्षं माश्या पाळतोय आणि माणसांपेक्षा त्यांच्याशी जास्त बोलतो. त्याच्या सत्तर पेट्या डोंगरात इतक्या उंचावर असतात, की तिथे झाडं संपतात आणि नुसतं कुरण उरतं. बर्फ वितळलं की जेमतेम दोन महिने तिथे फुलं असतात. ती कोणी पेरलेली नसतात, कोणी फवारलेली नसतात, आणि त्यातल्या अर्ध्यांची नावं आम्हालाही ठाऊक नाहीत. तो मध एकदा चाखलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जात नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही.

दादाचा हट्ट एकच. पेटीत औषध जायचं नाही म्हणजे नाही. माश्यांच्या अंगावर एक गोचीड होते, तांबडी, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि बघता बघता पेटीच्या पेटी रिकामी करते. बाकीचे लोक औषधाच्या पट्ट्या टांगतात आणि मोकळे होतात. दादा ते काम हाताने करतो. गोचीड नर माश्यांच्या अळ्यांत आधी शिरते, म्हणून पोळ्याचा तेवढा भाग हा माणूस दर पंधरवड्याला सुरीने कापून काढतो, सत्तरच्या सत्तर पेट्यांतून. पाठीचे पार तुकडे होतात. पण म्हणूनच आमच्या लेबलावर ‘सेंद्रिय’ हा शब्द आहे आणि तो छापण्याचं प्रमाणपत्र आमच्याकडे आहे.

“पट्टीतलंच औषध आहे,” दादा म्हणाला. “अगदी थोडं. पण आहे.”

आणि त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात जावई उभा होता, रिकाम्या बरण्यांचा क्रेट घेऊन.

आता या जावयाबद्दल सांगायलाच हवं. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते आणि मनात अरेतुरे, तेवढं समजून घ्या. दादाला एकच मुलगी, चिमी. तिशी उलटली तरी सगळ्यांची चिमीच. ती चार वर्षांची असताना वहिनी गेली, आणि मी एक बॅग घेऊन पंधरा दिवसांसाठी म्हणून इथे आले ती कायमचीच. चिमीच्या डोक्यातल्या उवांपासून परीक्षेच्या तापापर्यंत सगळं मी काढलंय. तिने लग्न केलं ते एका शेतकी कॉलेजातल्या शिक्षकाशी. हा गृहस्थ नोकरी सोडून आमच्याकडे राहायला आला आणि आल्या आल्या आम्हालाच शिकवायला लागला. धूर कमी करा, पेटीतल्या चौकटींना नंबर घाला, मधाच्या खोलीत चप्पल नको. बरं, बोलायचा इतक्या हळू आवाजात, की भांडायचीही सोय नाही. मी त्याचं नाव पंडित ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी गोचिडीने आमच्या अकरा पेट्या मेल्या, तेव्हा हाच पंडित जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून बसला होता. औषधाच्या पट्ट्या टांगाव्यात, एका हंगामापुरत्या, पेट्या तर वाचतील, असं त्याचं म्हणणं. दादाने ते पुस्तक मिटलं आणि विषय संपला. म्हणजे आम्हाला वाटलं संपला.

आता घरात माणसं चार. त्यातल्या एकाने औषध मागितलेलं. संशय घ्यायला आणखी काय लागतं?

“तू टाकल्यास?” दादाने विचारलं.

लग्नाला पाच वर्षं झाली, पण दादाने जावयाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. क्रेट खाली ठेवताना जावयाच्या हातातल्या बरण्या वाजल्या.

“नाही, बाबा. मी एकही पट्टी टाकलेली नाही.”

“मग काय फुलांतून आलं?”

जावई खाली वाकून क्रेटातल्या बरण्या सरळ करत राहिला. मी लेबल बोटावरून सोडवलं आणि बरणीवर लावलं, तेही तिरकं.

खरं काय झालं होतं, ते ऐका. हिवाळा सरत आला की मी वर्षभराचं मेण वितळवते. मध काढताना पोळ्यावरची जी पातळ झाकणं आपण कापतो ना, त्यांचं मेण. ते गाळून त्याचे पत्रे पाडायचे, पत्र्यांवर साच्याने षटकोनी ठसे उमटवायचे आणि ते चौकटीत बसवून माश्यांना द्यायचे, की त्यावर त्या पोळं बांधतात. आमच्या पेटीत आमचंच मेण जातं, हा नियमच आहे. मेण औषध धरून ठेवतं, वर्षानुवर्षं सोडत नाही. बाहेरच्या मेणात कुणाकुणाच्या पेटीतली औषधं मुरलेली असतील, देव जाणे. हे काम माझं. यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं दादा चारचौघांत सांगायचा आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

तर यंदा मी मेण वितळवत होते आणि घाईत होते, म्हणून पाण्याच्या पातेल्यात न ठेवता मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवलं. पंडित तिथून जात होता. थांबला. म्हणाला, “आत्या, थेट आचेवर नको, करपेल.” बस्स, एवढंच म्हणाला. पण माझ्या नाकाला जी मिरची झोंबली! पंचवीस वर्षं मेण वितळवतेय मी, आणि हा मला सांगणार? आच कमीसुद्धा केली नाही मी. उलट त्याच्या नाकावर टिच्चून भांडं तसंच ठेवलं आणि फणकाऱ्याने कपडे वाळत घालायला गेले. परत आले तो खोलीभर धूर आणि भांड्यात काळं डांबर. अठरा किलो मेण! वर्षभराचं सगळं.

त्या क्षणी मी हाक मारायला हवी होती. पण हाक मारली असती तर पंडित आला असता, आणि त्याने काही बोलायचीही गरज नव्हती, नुसतं बघितलं असतं. ते मला सहन झालं नसतं. मी ते मेण मागे नेऊन पुरलं. दुसऱ्या दिवशी बरण्या आणायच्या निमित्ताने खाली शहरात गेले आणि मेणवाल्याकडून एकशे चाळीस तयार पत्रे घेऊन आले. सुंदर होते हो, पिवळेधमक, एकसारखे. प्रत्येक पेटीत दोन-दोन, असे माझ्या हातांनी बसवले.

एवढीशी गोष्ट. चोरी नाही, मारामारी नाही. एका बाईला एका माणसाचं म्हणणं खरं होऊ द्यायचं नव्हतं, इतकंच.

पत्रात लिहिलं होतं की पुढच्या मंगळवारी तपासनीस बाई येतील. तोवर औषध कुठून आलं ते शोधून ठेवा. आमच्या सत्तर पेट्यांपैकी वीस खालच्या कुरणावर असतात आणि पन्नास वरच्या; नमुना खालच्या कुरणावरच्या पिंपातला आहे. कारण सापडलं आणि ते त्या वीस पेट्यांपुरतंच निघालं, तर तेवढ्या पेट्या बाद होतील. सापडलं नाही, तर तीन वर्षं कुठल्याच बरणीवर ‘सेंद्रिय’ लिहिता येणार नाही.

ते आठ दिवस आमच्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. दादा जावयाशी बोलेना. जावई सकाळी उठून वर कुरणावर जायचा आणि एकेक पेटी उघडून काहीतरी शोधत बसायचा. चिमी पहिले दोन दिवस नवऱ्याच्या बाजूने बापाशी भांडली. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला. चौथ्या दिवशी तीही त्याच्याशी बोलेनाशी झाली.

“आत्या, तुला काय वाटतं?” तिने मला विचारलं. आम्ही दोघी बरण्या धूत होतो.

“मला काय विचारतेस? तुमचं तुम्ही बघा,” मी म्हटलं आणि नळ मोठा सोडला.

लाज वाटते सांगायला, पण म्हणाले मी असं. रोज सकाळी ठरवायचे, आज बोलायचं. टेबलाशी बसले की कोणाला भात वाढू, कोणाला आमटी, हेच करत राहायचे. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं की पंडिताची जिरली.

मग शुक्रवारी दादाने जेवताना त्याचा बेत सांगितला. जावयाने तपासनीस बाईंना लिहून द्यायचं, की खालच्या वीस पेट्यांत मीच पट्ट्या टाकल्या, सासऱ्याला न विचारता. वीस पेट्या जातील, पन्नास वाचतील.

“मी टाकल्याच नाहीत, तर लिहून कसं देऊ?” जावई म्हणाला.

“मग कारण आणून दे मला. मंगळवारपर्यंत. नाहीतर तुझी तू वेगळी वाट धर.”

चिमी ताटावरून उठली. जावई तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतच म्हणाला, “बरं. देतो लिहून.” चिमीला हे घर सोडवणार नाही, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी ताटातला भात तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मधाच्या खोलीत गेले. दादा मध काढायचं यंत्र पुसत होता. मी दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. करपलेलं मेण, पुरलेला खड्डा, मेणवाला, एकशे चाळीस पत्रे, सगळं. सांगताना रडले. वाटलं होतं की तो ओरडेल, फडकं फेकून मारेल.

दादा पुसतच राहिला.

“माहीत आहे मला,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“पत्रे विकतचे होते ते. आपल्या साच्याचा एक कोपरा झिजलाय, तिथे ठसा उमटत नाही. ते पत्रे चारही कोपऱ्यांनी स्वच्छ होते. उन्हाळ्याच्या तोंडालाच बघितलं मी.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“बोलून काय करू? माश्या त्यावर बसल्या होत्या. फुलं दोन महिन्यांची. सगळी पोळी कापून टाकली असती तर वर्ष गेलं असतं. म्हटलं, थोडंसं असेल, मापात येणार नाही.” त्याने फडकं घडी करून ठेवलं. “वरच्या पेट्यांत मध जास्त आहे. त्यात ते अजून विरळ झालं असेल. तिकडे सापडायचं नाही.”

“आणि जावई?”

“तो तरुण आहे. चार दिवस वाईट वाटेल, मग विसरेल. छोटे, तुझं नाव आलं तर माझंच नाव गेलं. तू माझी बहीण आहेस. तो शेवटी बाहेरचा.”

अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी तो मला छोटीच म्हणतो. आणि आता जे सांगते त्याबद्दल मला काय हवं ते म्हणा. माझा जीव भांड्यात पडला. इतके दिवस छातीवर धोंडा होता, तो दादाने उचलून घेतला होता. खोलीतून बाहेर आले तेव्हा मला चक्क भूक लागली होती. संध्याकाळपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते, की दादाला सगळं कळतं, दादाने ठरवलंय, मग मी कोण बोलणारी?

मंगळवारी दहाला तपासनीस बाई आल्या. बारीक चणीच्या, चष्मा केसांवर ढकललेला, हातात जाड फाइल. स्वभावाने चांगल्या होत्या. चहा नको म्हणाल्या आणि थेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. समोर जावई. त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून चिमी उभी होती. बोलत नसली तरी त्या दिवशी ती त्याच्या मागे उभी राहिली होती, हे मी पाहिलं. दादा खिडकीशी, मी ओट्याशी.

“तुम्ही पट्ट्या टाकल्या म्हणता. कोणत्या?” बाईंनी विचारलं.

मला वाटलं, आता हा अडखळणार. अडखळला तर बरं, असंही वाटलं. पण जावई अडखळला नाही. त्याने औषधाचं नाव सांगितलं.

“पेटीला किती?”

“दोन. पोळ्यांच्या मधल्या फटीत.”

“किती दिवस ठेवल्या?”

“सहा आठवडे ठेवायला हव्या होत्या. मी चारच ठेवल्या. फुलं लवकर आली म्हणून घाईने काढल्या.”

“काढलेल्या पट्ट्यांचं काय केलंत?”

“जाळल्या. कुरणाच्या खालच्या अंगाला, दगडांमध्ये.”

सगळं त्याच हळू आवाजात, एकेक शब्द नीट ठेवत. सगळं पुस्तकातलं. त्याला ते तोंडपाठ होतं, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या पेट्या वाचाव्यात म्हणून त्याने ते पाठ केलं होतं. बाई लिहीत होत्या. दादा खिडकीबाहेर बघत होता. आणि मी चिमीकडे बघत होते. पट्ट्या जाळल्याचं ऐकलं आणि तिने खुर्चीवरचा हात काढून घेतला. हळूच, कोणाला कळू नये असा. मग एक पाऊल मागे सरकली.

इतका वेळ तिला संशय होता. आता तिला खात्री झाली.

“थांबा,” मी म्हणाले. “बाई, ते खोडा. हे सगळं खोटं आहे.”

“छोटे!” दादा ओरडला.

“ओरडू नकोस, दादा. यांनी एकसुद्धा पट्टी टाकलेली नाही. औषध मेणातून आलंय. आमचं मेण मी करपवलं आणि शहरातून विकतचे पत्रे आणून बसवले. मी कोणाला सांगितलं नाही.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आधी माझ्याकडे बघितलं, मग जावयाकडे, मग दादाकडे.

“किती पेट्यांत?” त्यांनी विचारलं.

इथे दादाने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, ते त्या नजरेने मागितलं. वीस म्हण. एवढंच म्हणायचं होतं मला. जावईही सुटला असता, पन्नास पेट्याही राहिल्या असत्या. माझ्या ओठांवर आलंही होतं. पण मग वरच्या पन्नास पेट्यांचा मध मीच बरण्यांत भरणार, त्यावर हिरवं लेबल मीच चिकटवणार आणि आजारी माणसासाठी कोणी मुद्दाम मागायला आलं तर त्याच्या हातात मीच देणार.

“सगळ्या,” मी म्हटलं. “सत्तर.”

बाईंनी ते लिहिलं. लिहिताना मला म्हणाल्या, सगळी पोळी कापून वितळवावी लागतील, माश्या रिकाम्या चौकटींवर झटकाव्या लागतील, त्यातल्या बऱ्याच तग धरणार नाहीत. ते मला माहीत होतं. दादालाही माहीत होतं. त्याने खुंटीवरचं जाकीट घेतलं आणि डोंगराच्या वाटेला लागला. दार त्याने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी कागदावर सही केली. दादाला आधीपासून माहीत होतं, हे मी सांगितलं नाही. तेवढं खोटं अजून माझ्याकडे आहे, आणि ते मी का ठेवलंय हे मला विचारू नका.

बाई गेल्यावर जावई उठून मधाच्या खोलीत गेला. मी त्याच्या मागे गेले. दाराशीच म्हटलं, “जावईबापू, मला माफ करा.” त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. मग क्रेट उचलून तो बाहेर गेला.

चिमी स्वयंपाकघरातच उभी होती, खुर्चीपासून एका पावलावर, तिथेच. मला वाटलं, आता ती रडेल, मग मी तिला जवळ घेईन, लहानपणी घ्यायचे तशी. मी हात पुढे केला.

“चिमे...”

“आत्या,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, “मी बोलणं टाकेपर्यंत तो मला रोज सांगत होता, मी नाही केलं म्हणून. आणि मी त्याला काय म्हणत होते माहीत आहे? म्हणत होते, समोर माझी आत्या बसलीय. दुसरं काही असतं तर ती बोलली असती.”

माझा हात पुढे केलेला तसाच राहिला. चिमी त्याला वळसा घालून बाहेर गेली, आणि आवारातून नवऱ्याला हाका मारत राहिली. तो कुठूनही ओ देत नव्हता.